थकव्याच्या नावाखाली

८ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी लिहायला सांगितलेली वही ही नव्हे. ती लांबट आहे आणि तिच्यात रकाने आखलेत: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, कुठे बसून, भूक दहापैकी किती, आणि शेवटी ‘खाण्याआधी मनात काय होतं’. ती दर शनिवारी मॅडमना दाखवायची. ही कुणालाच दाखवायची नाही, तेव्हा हिच्यात खोटं लिहून उपयोग नाही.

वय सत्तेचाळीस. कवळ्या बनवते. लग्न केलं नाही, त्याचं मला दुःख नाही, बाकी सगळ्यांना आहे. आईबरोबर राहते. साखर काठावर येऊन बसली आहे. डॉक्टर म्हणाले, “काय खाऊ नये ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. का खाता ते शोधा,” आणि दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी भरणाऱ्या गटाची चिठ्ठी हातात दिली. तिथे आम्ही सातजण. मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान. केसांच्या गाठीत पेन्सिल खोचतात आणि मग तीच टेबलावर शोधत बसतात.

आज चौथा शनिवार. मॅडम म्हणाल्या, “पोटाची भूक हळूहळू चढते आणि समोर येईल ते चालवून घेते. मनाची भूक दारावर लाथ मारून येते आणि तिला नेमकं एकच काहीतरी हवं असतं.” मी हात वर केला. सांगितलं, की कामावरून आल्यावर मी चपलासुद्धा काढत नाही, थेट ओट्यापाशी जाते आणि उभ्याउभ्या पुड्यातून बिस्किटं खाते. किती खाल्ली ते पुडा संपल्यावर कळतं.

मॅडम म्हणाल्या, “हे तुम्ही टिपलंत ना, मोठं काम केलंत. आता एवढंच करा. आधी चपला काढा, बिस्किटं बशीत घ्या, खुर्चीवर बसा. खायचं तर खा, पण बसून.” शिट्टीकाकांनी टाळी वाजवली. ते गटातले, सामन्यांत शिट्टी वाजवणारे निवृत्त पंच आहेत, सगळ्यांना धरून ठेवतात.

शाळेत माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या घरातल्या सगळ्या टाळ्या धाकटीच्या वाट्याला गेल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाव काढलं आणि आली. दारात धाकटी, दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन. घराचं काम काढलंय, भिंती फोडल्यात, धुळीत राहवत नाही, म्हणून तीन आठवडे इकडे. नवरा तिथेच थांबलाय, कामगारांवर लक्ष ठेवायला. तीन आठवड्यांसाठी जाडे कोट कशाला आणलेस, असं मी विचारलं, तर म्हणाली, “घाईत भरलं गं ताई, हाताला लागलं ते.” उन्हाळा तोंडावर आलाय. पण तिचं असंच. ज्यांच्याकडे भरपूर असतं, त्यांना मोजून भरायची सवय नसते.

माझ्याहून सहा वर्षांनी लहान. थोडी सुटली आहे, पण तिला तेही शोभतं. आई नुसती फुलली होती. माझं अर्धं कपाट आईनेच रिकामं केलं, मी कामावर असताना.

आठ बिस्किटं. चपला काढून, बशीत घेऊन, खुर्चीवर बसून. लांबट वहीत ‘मनात काय होतं’ खाली लिहिलं: थकवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल म्हणाली, “ताई, तुझ्या त्या गटात मी आले तर चालेल? माझंही खाण्याचं काही खरं नाही हल्ली.” नको कसं म्हणणार? आई समोरच होती.

माझी जागा खिडकीजवळची आहे. तिथे ती बसली. तिला माहीत नव्हतं, हे मला मान्य आहे. पण इतरांना माहीत होतं आणि कुणीही काही बोललं नाही. उलट शिट्टीकाकांनी ऊन येतंय म्हणून पडदा ओढून दिला. मॅडमनी तिला विचारलं, “तुम्ही कधी जास्त खाता?” ती म्हणाली, “मी हल्ली खातच नाही, खाल्लं की घशात अडकतं,” आणि मग स्वतःच हसून म्हणाली, “म्हणजे मी चुकीच्या वर्गात आले वाटतं!” सगळे हसले. चार शनिवार मी तिथे जाते, मी बोलल्यावर कुणी हसलेलं नाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. तिच्याकडे बघत राहिल्या. लक्ष तिच्यावरून हटतच नव्हतं त्यांचं.

घरी आल्यावर पाव आणि लोणी. लोणी जास्त. थकवा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या लॅबमध्ये चौघं. मालक, साचे ओतणारे दादा, मी, आणि पॉलिशच्या यंत्रावरची मैत्रीण. ती दिवसभर भुकटीत माखलेली असते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतच तिचा खरा चेहरा दिसतो. माझं काम मेणात दात बसवायचं. समोर प्लॅस्टरचे दोन जबडे, त्यांना जोडणारी लोखंडी बिजागरी, छोटी ज्योत आणि मेणाची सुरी. एकेक दात बसवायचा, जबडा मिटून बघायचा, चावा बरोबर येतो का बघायचं. माझ्या हातच्या कवळीला सहसा परत यावं लागत नाही. हे मी सांगायला हवं, कारण दुसरं कोण सांगणार.

आज जेवताना मी धाकटीबद्दल सांगत होते. तिची पँट आठ दिवसांत सैल झाली. ती ताटात अर्धं टाकते आणि तरी आई म्हणते, “बघ, किती मोजकं खाते.” नवऱ्याचा दिवसात एकदाही फोन येत नाही. इतका भरवसा एकेकाच्या संसारात असतो! माझी डब्याबाहेरची दोन केळी आणि शेंगदाणे संपले तरी मी बोलतच होते.

मैत्रीण म्हणाली, “तुला भूक नाही लागलेली गं. तुझ्या पोटात दुखतंय.”

“मला काही होत नाहीये,” मी म्हटलं.

“तेच म्हणते मी,” असं म्हणून ती हात धुवायला गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी धाकटीची वही हातात घेतली आणि वाचत राहिल्या. दोन पानं, नुसती दोन पानं! माझी पाच आठवड्यांची वही चाळून, “छान, नियमित लिहिता,” म्हणून परत दिली. वर विचारलं, “रोज थकवाच असतो?” मी म्हटलं, कामच तसं आहे, मान धरते. त्यांनी मान डोलावली.

गट सुटल्यावर म्हणाल्या, “तुम्ही जरा थांबा,” म्हणजे धाकटीला. मी खाली रस्त्यावर बावीस मिनिटं उभी होते. खाली बेकरी आहे. मी आत गेले नाही. मग गेले.

धाकटी उतरून आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, खोलीत धूळ आहे. मी म्हटलं, “काय म्हणाल्या एवढं?” तर, “काही नाही, थोडं थोडं पण वेळेवर खा म्हणाल्या.” एवढं सांगायला बावीस मिनिटं लागत नाहीत. नक्कीच तिला गट चालवायला मदतीला घेणार. तसं तिला बोलणं चांगलं येतं.

१ मार्च, शनिवार

वजन करू नका असं मॅडम म्हणतात, निदान रोज तरी नको. मी केलं. दीड किलो वाढलंय. धाकटीला काट्यावर उभं केलं, हसतहसतच. तिचं चार किलो उतरलंय. अठरा दिवसांत. आई टाळ्या पिटायची बाकी होती. मला म्हणाली, “बघ, निग्रह असावा तर असा. शिक जरा.”

तीन आठवडे होत आले, मी धाकटीला विचारलं, भिंती झाल्या का. “अजून फरशी राहिली आहे,” ती म्हणाली. आधी भिंती, मग फरशी, मग पडदे येतील. राजवाडा बांधतायत बहुतेक.

सकाळी बाथरूममध्ये पाऊण तास असते. नळ पूर्ण सोडलेला. माझा शाम्पू अर्ध्यावर आलाय.

६ मार्च, गुरुवार

उद्या लवकर सुटणार आहे. केक करीन म्हणते. अक्रोड घातलेला चॉकलेटचा, जाड थराचा. धाकटी लहानपणी या केकसाठी माझी सगळी कामं करायची. आईलाही आवडतो.

इथे खोटं लिहायचं नाही असं मीच लिहिलंय. तर, आईसाठी करत नाहीये.

७ मार्च, शुक्रवार

चार तुकडे!

आधी नको म्हणाली. पोटात जागा नाही, उद्या शनिवार आहे, वहीत काय लिहू. मी जाड तुकडा कापला, बशीत ठेवला, चमचा हातात दिला. म्हटलं, “तुझ्यासाठी केला गं. माझं एवढंही मन राखणार नाहीस?” तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एक घास घेतला. मग तुकडा संपवला. मग म्हणाली, “अजून दे ताई.” दुसरा दिला. तिसरा तिने स्वतः कापला, चौथा ओट्याशी उभी राहून हातानेच खाल्ला. आई म्हणाली, “अगं, हळू.” मी म्हटलं, “खाऊ दे.”

मी एक कणही खाल्ला नाही. खावासा वाटलाच नाही. महिन्याभरात पहिल्यांदा संध्याकाळी ओट्यापाशी गेले नाही. लांबट वहीत लिहिलं: भूक शून्य, मन हलकं. इतकं स्वच्छ पान माझ्या वहीत दुसरं नाही.

८ मार्च, शनिवार

सकाळी धाकटी उठली नाही, पोट बिघडलंय म्हणाली. मी एकटी गेले. खिडकीजवळ बसले. मॅडमनी कालचं पान वाचून विचारलं, “काल काय वेगळं झालं?” मी म्हटलं, काही नाही, जमलं. शिट्टीकाकांनी टाळी वाजवली. मी हसले.

घरी आले तर दार उघडं. शेजारच्या काकू आईचा हात धरून बसलेल्या. धाकटी बाथरूममध्ये पडली होती. पहाटेपासून उलट्या करत होती, आईला कळू नये म्हणून नळ सोडून. चक्कर आली आणि तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. ओठ फाटलाय. पुढचा दात अर्धा तुटलाय.

दवाखान्यात सलाइन लावलंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, “या बाई गेला महिनाभर काय खातायत?” मी तर रोज तिचं ताट बघत होते.

९ मार्च, रविवार

घरी आणली. दुपारी आई झोपल्यावर म्हणाली, “ताई, घराचं काही काम काढलेलं नाही.”

मी तिची उशी सरळ केली.

“त्याने मला निघायला सांगितलं. त्याला माझ्याबरोबर राहायचं नाही. दुसरी कुणी नाही म्हणतो, नुसताच कंटाळा आला म्हणतो. कुणी असती तर बरं झालं असतं. निदान तिला शिव्या देता आल्या असत्या.” ओठ सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. “मॅडमना सांगितलं होतं. त्या म्हणत होत्या, घरात सांगा, ताईला तरी सांगा. पण आई एवढी खुश होती. आणि तू...”

“मी काय?”

“तू माझ्याशी बोलतच नव्हतीस.”

आता हे लिहायला हवं. हे सगळं ऐकत असताना, तिचा हात हातात असताना, माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट ही, की तिने मॅडमना सांगितलं आणि मला नाही. आणि मॅडमनी त्या बावीस मिनिटांत माझं नाव घेतलं होतं, हे कळल्यावर मला बरं वाटलं. अशी मी आहे.

केकबद्दल काही बोलले नाही.

१२ मार्च, बुधवार

लॅबमधून अर्धी सुट्टी काढून मॅडमकडे गेले. शनिवार नव्हता, त्या एकट्याच डबा खात होत्या. टेबलावर, ताटलीत काढून, बसून. स्वतः सांगतात तसंच करतात, म्हणून मला त्यांचाही राग आला.

सगळं सांगितलं. केकसुद्धा.

त्यांनी माझी वही उघडली आणि पेन्सिलने एकेक ओळ मोजली. “एकतीस वेळा थकवा,” म्हणाल्या. “इतकं थकलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. खरा शब्द कोणता होता?”

कवळीचं माप घेताना लोक करतात तसं तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हटलं, “हेवा.”

“कधीपासून?”

“ती झाली तेव्हापासून.”

मला वाटलं, त्या म्हणतील, चालायचंच, माणूस आहे. त्या म्हणाल्या, “हेवा वाटला, त्यावर तुमचा ताबा नव्हता. त्याला थकवा म्हटलंत, त्यामुळे तो बिस्किटांनी भागेल असं वाटत राहिलं. पण केक तुम्ही केलात. अंडी फेटून, अक्रोड फोडून. त्याला तास-दीड तास लागला असेल. त्या वेळात कुठेही थांबता आलं असतं.”

“मग आता?”

“मला सांगून भागणार नाही, एवढं तुम्हालाही कळतंय.”

खाली बेकरी होती. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेले.

१६ मार्च, रविवार

सांगितलं. आई शेजारी गेली होती.

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, “तो केक मी मुद्दाम केला. तुझं वजन वाढावं म्हणून. तू गटात हरावीस म्हणून.” किती मूर्ख वाटतं हे तोंडाने म्हटल्यावर! गटात हरावीस. तिथे कोण जिंकतं?

तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, “मी तो का खाल्ला माहितीये? मला भूक नव्हती. घास खाली उतरत नव्हता. पण मला वाटलं, या महिन्यात कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी आपणहून केलं. म्हणून खाल्ला. चार तुकडे म्हणून खाल्ले.”

मी रडायला लागले. ती म्हणाली, “तू रडू नकोस. आत्ता तू रडलीस तर मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि मला ती घालायची नाही. मला राग आलाय. दुसरीकडे जायला मला जागा नाही, त्यामुळे मी इथेच, तुझ्यासमोरच रागावणार आहे. चालेल ना?”

मी म्हटलं, चालेल.

२० मार्च, गुरुवार

चार दिवस अबोला. “आई, तिला सांग मीठ इकडे दे.” मीठ माझ्या हाताशी असतं. आई एकदा हिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. धाकटीचं लग्न मोडल्याचं आता तिलाही माहीत आहे, केकचं नाही.

मॅडमनी धाकटीला वेळापत्रक दिलंय. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं, भूक असो नसो, आणि कुणीतरी सोबत बसायचं. आई बसते. मऊ भात, उकडलेलं अंडं, सूप. धाकटी तीन घास घेते, आई “शाब्बास” म्हणते. ते “शाब्बास” ऐकून मी आज अर्धा पाव लोण्यासकट खाल्ला. वहीत लिहिलं: हेवा, आठ. मग खोडलं नाही, पण पुढे लिहिलं: लाज, नऊ. शब्द खरे लिहिले तरी पाव थांबला नाही. मॅडमनी याबद्दल आधी सांगायला हवं होतं.

संध्याकाळी भांडी पुसताना आईला म्हटलं, “मला कधी शाब्बास म्हणाली नाहीस.”

ती चकितच झाली. “तुला काय म्हणायचं? तुझं सगळं तूच करायचीस. मला वाटायचं, हिला कुणाची गरजच नाही.”

हे कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही. पण ती नंतर बराच वेळ एकच बशी पुसत होती.

२७ मार्च, गुरुवार

आज दादांनी सकाळची मापं ओतून साचे माझ्यापुढे ठेवले. चिठ्ठीवर फक्त क्रमांक असतो, नाव नसतं. वरचा जबडा, पुढचा एक दात अर्धा. कॅप करायची. मी उचलला आणि ओळखलं. डावा सुळा थोडा वळलेला. तिसरीत असताना ती झोपाळ्यावरून पडली होती तेव्हापासूनचा. मीच तिला उचलून आणलं होतं.

दुसऱ्या कुणाला देता आला असता. नाही दिला.

साचा बिजागरीवर चढवून चावा बघायला लागले, तर दाढा बसेनात. म्हणजे बसत होत्या, पण नको इतक्या सपाट. भिंगाखाली धरल्या. दाढांचे उंचवटे घासून गुळगुळीत झालेत. झोपेत दात खाणाऱ्या माणसाचे असे होतात. जबडा आवळून रोजचे दिवस काढणाऱ्याचेही. मी मैत्रिणीला दाखवलं. तिने अंगठा फिरवला. “किती वर्षांचं असेल?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“सात-आठ वर्षं तरी. बाई सुखात नाही दिसत,” ती म्हणाली. “कोण आहे?”

“माझी बहीण.”

तिने यंत्र बंद केलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

सात-आठ वर्षं. त्यातल्या प्रत्येक वर्षी ती घरी यायची, छान कपडे घालून, सगळ्यांसाठी काहीतरी आणून. ती गेली, की मी आठवडाभर जळत बसायचे. तिच्या घराचा, तिच्या नवऱ्याचा, तिच्या हसण्याचा हेवा करत. हसताना दाढा दिसत नाहीत.

३ एप्रिल, गुरुवार

कॅप झाली. एका रंगात भागलं नाही. तिचे दात मुळाशी पिवळसर आणि टोकाशी जवळजवळ निळे आहेत, त्यामुळे चार वेळा थर दिले, चार वेळा भट्टीत घातली. मालक म्हणाले, एका दाताला एवढा वेळ? मी म्हटलं, हो.

रंग जुळवायला माणूस समोर लागतं. म्हणून काल ती लॅबमध्ये आली, दाताच्या डॉक्टरांनी पाठवली म्हणून. खिडकीशी उभी राहिली, मी तिच्या ओठापाशी रंगांची पट्टी धरली. सतरा दिवस आम्ही इतक्या जवळ आलो नव्हतो. ती छताकडे बघत होती.

मी म्हटलं, “झोपेत दात खातेस तू.”

“तो म्हणायचा. आवाजाने झोपमोड होते म्हणून वेगळ्या खोलीत झोपायचा.”

“मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं.”

तोंड उघडं असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मी पट्टी काढली. ती म्हणाली, “मी आले की तू आधी माझ्या अंगावरचं बघायचीस, ताई. साडी, घड्याळ, पर्स. मग तुझा चेहरा असा व्हायचा.” तिने तसा चेहरा करून दाखवला. हुबेहूब. मैत्रीण यंत्राआड खुसखुसली. मलाही हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

आज डॉक्टरांनी कॅप बसवली. तिने आरशात बघितलं, जिभेने चाचपलं आणि म्हणाली, “कुठला तुटलेला ते कळत नाही.” घरी आल्यावर मीठ मला मागितलं. आईला नाही.

१२ एप्रिल, शनिवार

गटात आज मी बोलले. नावागावासकट नाही, पण बोलले. हेवा वाटला की मी खाते, आणि एकदा स्वतः खायच्या ऐवजी दुसरीला खाऊ घातलं. कुणी टाळी वाजवली नाही. शिट्टीकाका जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ पंच म्हणून त्यांच्याहून वर गेला, तेव्हापासून ते त्याचा एकही सामना न खाता बघू शकलेले नाहीत.

धाकटी शेजारीच बसली होती. दुसऱ्या खुर्चीवर.

सध्याचा हिशेब असा: आठवड्यात तीनदा ओट्याशी उभी राहिले, दोनदा बसून खाल्लं, बाकीचे दिवस दहा मिनिटं थांबले आणि खाली चक्कर मारून आले. दहा मिनिटं फार मोठी असतात. साखर अजून काठावरच आहे, पण आत उतरलेली नाही.

२७ एप्रिल, रविवार

धाकटीला मुलांच्या ग्रंथालयात काम मिळालं आणि तिथून दोन रस्ते सोडून एक खोली. आज सामान नेलं. जाडे कोटही. तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, स्वयंपाकाला एका माणसापुरता कोपरा. पण खोलीला एक खिडकी आहे, जवळजवळ भिंतीएवढी. खाली मोठं झाड, त्याच्या शेंड्यावर आपण. संध्याकाळचं ऊन पार पलंगापर्यंत येत होतं.

मी बॅग खाली ठेवली आणि उभीच राहिले.

“काय झालं? दम लागला?” तिने विचारलं.

हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, “नाही. हेवा वाटतोय.”

“आता कशाचा?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “नवरा गेला, घर गेलं, पुढचा दात गेला. उरलंय काय?”

“खिडकी.”

ती हसायला लागली. इतकी, की तिला पलंगावर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, “खरंच छान आहे ना?”

“फार छान आहे. माझ्या सत्तेचाळीस वर्षांत अशी खिडकी मला मिळाली नाही.”

“मग येत जा बसायला.”

“दर रविवारी येऊ?”

ती उशीला अभ्रा घालत म्हणाली, “दर रविवारी नको, ताई. मला अजून कधीकधी तो केक आठवतो. मी सांगेन तेव्हा ये.”

लागलं. पण बरोबर होतं तिचं. मी तिची दोन भांडी फडताळात लावून दिली, आईने दिलेलं सूप गरम करून दिलं, तिने ते खिडकीशी बसून सगळं संपवलं, आणि मी निघाले.

रस्त्याच्या टोकाला पोचले असेन, तर वरून हाक आली. “ताई!” सगळा रस्ता वर बघायला लागला. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ती ओरडत होती, “पुढच्या नको! त्याच्या पुढच्या रविवारी ये!”

मी हात वर केला. चौदा दिवस आहेत. निघतील.